दोन गटांतला फरक खरा की योगायोगाचा? पोलिओ लशीच्या आकड्यांवरून दोन प्रमाणांची तुलना

१९५४ साली अमेरिकेत जोनास साल्क यांच्या पोलिओ लशीची चाचणी झाली. तिच्या एका भागात २,००,७४५ मुलांना लस टोचली. दुसऱ्या २,०१,२२९ मुलांना टोचलं ते लशीसारखंच दिसणारं, पण लस नसलेलं द्रावण. त्या हंगामात लस मिळालेल्यांपैकी ३३ मुलांना लुळेपणा आणणारा पोलिओ झाला, दुसऱ्या गटात ११५ मुलांना.

आता प्रश्न असा. लस अगदी कुचकामी असती, तरी दोन्ही गटांत नेमके सारखे रुग्ण निघाले नसते. थोडं इकडे, थोडं तिकडे झालंच असतं. मग ३३ आणि ११५ मधलं अंतर या ‘थोडं इकडेतिकडे’मध्ये बसतं का? संख्याशास्त्राच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला ‘दोन नमुना-प्रमाणांची तुलना’ हा जो धडा असतो, तो एवढ्याच प्रश्नाचं उत्तर देतो. सूत्र पाठ करून परीक्षा सुटते, पण सूत्रातली प्रत्येक गोष्ट कुठून आली हे कळलं तर ते पाठ करावं लागत नाही. म्हणून हीच चाचणी धरून पायरी-पायरीने जाऊ. पक्षाघाती, म्हणजे लुळेपणा आणणाऱ्या, पोलिओपासून सुरुवात करू. त्याच चाचणीतले इतर आकडे पुढे लागतील, कारण ते या पद्धतीच्या मर्यादाही दाखवतात.

आधी गट कसे झाले ते पाहा

गणिताला हात लावण्याआधी हे विचारायची सवय लावून घ्या. इथे पहिली ते तिसरीतल्या ज्या मुलांच्या पालकांनी संमती दिली, त्या मुलांचेच दोन गट पाडले, आणि कोणाला काय मिळणार हे निव्वळ योगायोगावर सोडलं. यालाच यादृच्छिक पद्धत म्हणतात. कुप्यांवर फक्त सांकेतिक क्रमांक होते. मुलाला काय टोचलं हे ना पालकांना माहीत होतं, ना टोचणाऱ्याला, ना पुढे आजाराचं निदान करणाऱ्या डॉक्टरला. निदानाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. पोलिओचे सौम्य रुग्ण ओळखणं अवघड असतं, आणि मुलाला लस मिळाली आहे हे डॉक्टरला ठाऊक असतं तर संशयास्पद तापाला पोलिओ म्हणायला तो कचरला असता.

गट पाडण्याची ही पद्धत लक्षात ठेवा. आकडे हाती आल्यावर त्यांचा अर्थ तिच्यावरच ठरणार आहे.

प्रमाणं काढा, आणि सोयीच्या एककात मांडा

लसगट: ३३ ÷ २,००,७४५ = ०.०००१६४४
तुलनागट: ११५ ÷ २,०१,२२९ = ०.०००५७१५

एवढी शून्यं मोजताना चूक होते, म्हणून दर लाखामागे मांडा: १६.४ आणि ५७.१. फरक ४०.७. म्हणजे लस नसताना लाखात ज्या सत्तावन्न मुलांना लुळेपणा आला असता, त्यांतली साधारण एक्केचाळीस वाचली.

छेदात काय घालायचं, हे नीट ठरवा. छेदात त्या गटातली सगळी मुलं येतात, आजारी पडलेली आणि न पडलेली. ‘एकूण १४८ रुग्णांपैकी २२ टक्के लसगटातले’ हे वेगळं प्रमाण झालं. ते चुकीचं नाही, पण आपल्याला हव्या त्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हे.

शून्य परिकल्पना लिहा

शून्य परिकल्पना: दोन्ही गटांत आजाराचं खरं प्रमाण एकच आहे, दिसणारा फरक योगायोगाचा.
पर्यायी परिकल्पना: खरी प्रमाणं वेगळी आहेत.

इथे ‘खरं प्रमाण’ या शब्दांकडे लक्ष द्या. नमुन्यातली प्रमाणं वेगळी आहेत हे डोळ्यांना दिसतंच आहे, त्याची परीक्षा घ्यायची गरज नाही. परिकल्पना नमुन्यामागच्या प्रमाणाबद्दल असते. उत्तरपत्रिकेत ‘१६.४ = ५७.१’ अशी परिकल्पना लिहिणारे विद्यार्थी दरवर्षी निघतात, आणि त्यांचं गणित पुढे बरोबर असलं तरी पाया कच्चा राहतो.

पर्याय एकतर्फी घ्यायचा की दुतर्फी? लस फायद्याचीच असणार असं आपल्याला वाटतं, पण ती अपायकारक ठरण्याची शक्यताही मोजायला हवी. शंका असेल तिथे दुतर्फीच घ्या. आकडे पाहून झाल्यावर एकतर्फी करणं म्हणजे स्वतःच्या बाजूने माप झुकवणं. ते करू नका.

रुग्ण पुरेसे आहेत का, ते तपासा

पुढचं सगळं गणित नॉर्मल वक्राच्या, म्हणजे मधे उंच आणि दोन्हीकडे उतरत जाणाऱ्या घंटेसारख्या वक्राच्या, आधारावर चालतं. तो आधार घ्यायचा तर प्रत्येक गटात ‘झालेले’ आणि ‘न झालेले’ दोन्ही किमान दहा तरी असावेत, हा रूढ ठोकताळा. काही पुस्तकं पाचावर भागवतात. आपल्याकडे ३३ आणि ११५ आहेत, तेव्हा अडचण नाही.

पण यातून एक गोष्ट कळते जी नवख्यांच्या लक्षात येत नाही. आजार विरळ असेल तर नमुना किती मोठा यापेक्षा त्यात रुग्ण किती निघाले यावर सगळं ठरतं. दोन लाख हा आकडा दांडगा वाटतो, पण आपली खरी पुंजी १४८ रुग्णांची आहे. चाचणी दर गटात दहा हजार मुलांवर केली असती तर याच दरांनी साधारण दोन आणि सहा रुग्ण मिळाले असते, आणि दोन विरुद्ध सहा यावरून कोणीही खात्रीने काही बोलू शकला नसता. म्हणून तर एवढ्या मुलांना सामील करून घ्यावं लागलं.

स्टँडर्ड एरर: सगळ्या धड्याचा गाभा

इथे थोडं थांबू. सूत्र अवघड वाटतं ते इथेच. स्टँडर्ड एरर म्हणजे निव्वळ योगायोगाने आकडा साधारण किती हलतो, याचं माप.

एका गटाचं प्रमाण नमुन्यागणिक किती हलतं? खरं प्रमाण ‘प’ आणि गटात ‘न’ मुलं असतील, तर त्या हलण्याचं वर्गमाप, म्हणजे विचरण, असतं:

प × (१ − प) ÷ न

गट मोठा झाला की भागाकार लहान होतो, प्रमाण स्थिरावतं. इथवर कोणाला शंका नसते.

आपण दोन प्रमाणांची वजाबाकी करतोय. मग विचरणांचीही वजाबाकी करायची का? नाही, बेरीज. पहिलं प्रमाण स्वतःच्या मर्जीने हलतं, दुसरं त्याच्या. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. अशा दोन अस्थिर गोष्टींतलं अंतर दोघींपेक्षाही जास्त अस्थिर असतं. म्हणून दोन गटांची विचरणं मिळवायची आणि मग वर्गमूळ घ्यायचं. स्टँडर्ड एररच मिळवून टाकणं ही इथली हमखास होणारी चूक. मिळवायची असतात ती विचरणं.

आता ‘प’ कुठून आणायचा? शून्य परिकल्पना म्हणते की दोन्ही गटांत प्रमाण एकच आहे. ती खरी धरूनच आपण परीक्षा घेतोय. मग त्या एकाच प्रमाणाचा सगळ्यात चांगला अंदाज दोन्ही गट एकत्र करून मिळतो:

एकत्रित प्रमाण = (३३ + ११५) ÷ (२,००,७४५ + २,०१,२२९) = १४८ ÷ ४,०१,९७४ = ०.०००३६८२, म्हणजे लाखामागे ३६.८

दोन प्रमाणांची नुसती सरासरी काढू नका. इथे गट जवळजवळ सारखे असल्यामुळे फरक पडणार नाही, पण एक गट दुसऱ्याच्या तिप्पट असला तर उत्तर चुकेल. रुग्णांची बेरीज भागिले मुलांची बेरीज, हेच करा.

स्टँडर्ड एरर = √[ ०.०००३६८२ × ०.९९९६३१८ × (१ ÷ २,००,७४५ + १ ÷ २,०१,२२९) ]
= ०.००००६०५, म्हणजे लाखामागे ६.०५

याचा अर्थ शब्दांत: लस निरुपयोगी असती, तर दोन गटांतला फरक शून्याच्या आसपास, बहुतेक वेळा लाखामागे सहा-बाराच्या आत राहिला असता.

झेड काढा

झेड = फरक ÷ स्टँडर्ड एरर = ४०.७ ÷ ६.०५ = ६.७३

निव्वळ योगायोगाने जेवढी हालचाल अपेक्षित होती, तिच्या पावणेसात पट फरक दिसला. पाच टक्के पातळीला दुतर्फी परीक्षेची सीमा १.९६ असते, ती कधीच मागे पडली. पी-मूल्य, म्हणजे लस निरुपयोगी असताना एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने पडण्याची शक्यता, दहा अब्जांत एकापेक्षाही कमी येतं. शून्य परिकल्पना टिकत नाही.

उत्तर बरोबर आलं का हे पडताळायची एक झटपट युक्ती आहे, आणि मला ती सूत्राइतकीच आवडते. दोन्ही गट साधारण सारखे आणि आजार विरळ असेल तर लाखांचे आकडे विसरा. एकूण १४८ रुग्ण. लस निरुपयोगी असेल तर प्रत्येक रुग्ण या गटातला की त्या, हे नाणं उडवून ठरल्यासारखंच आहे. मग:

झेड ≈ (११५ − ३३) ÷ √(११५ + ३३) = ८२ ÷ १२.१७ = ६.७४

जवळपास तेच उत्तर. वर्तमानपत्रात लशीच्या किंवा औषधाच्या चाचणीची बातमी आली आणि दोन्ही गट सारखे असले, तर एवढा हिशोब कागदाच्या कोपऱ्यात करता येतो. मघाचे दोन विरुद्ध सहा रुग्ण यात घालून पाहा: ४ ÷ √८ = १.४. सीमेच्या बरंच अलीकडे.

फरक किती, हे सांगितल्याशिवाय थांबू नका

झेड आणि पी-मूल्य एवढंच सांगतात की फरक आहे. तो केवढा, हे विश्वास-अंतरालातून कळतं. इथे स्टँडर्ड एरर पुन्हा काढावा लागतो, आणि आता प्रमाणं एकत्र करायची नाहीत. दोन्ही सारखी आहेत हे गृहीतक आता आपण धरलेलं नाही, मग प्रत्येक गटाचं प्रमाण त्याचं त्याने वापरायचं:

√[ ०.०००१६४४ × ०.९९९८३५६ ÷ २,००,७४५ + ०.०००५७१५ × ०.९९९४२८५ ÷ २,०१,२२९ ] = लाखामागे ६.०५

दोन्ही गट जवळजवळ सारखे आणि आजार विरळ असल्यामुळे इथे दोन्ही स्टँडर्ड एरर जवळजवळ सारखे आले, नेहमी येतील असं नाही.

४०.७ ± १.९६ × ६.०५ = ४०.७ ± ११.९

म्हणजे लाखामागे अंदाजे २९ ते ५३. या पद्धतीने काढलेल्या शंभर अंतरालांपैकी सुमारे पंच्याण्णव खऱ्या फरकाला पोटात घेतात. ‘९५ टक्के विश्वास’ म्हणजे हे.

आणखी एक आकडा द्यावा लागतो: १६.४ ÷ ५७.१ = ०.२९. लसगटातला धोका तुलनागटाच्या २९ टक्के, म्हणजे ७१ टक्क्यांनी कमी. ‘लाखामागे ४१ कमी’ आणि ‘७१ टक्के कमी’ ही दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि वाचणाऱ्यावर त्यांचा परिणाम अगदी वेगळा होतो. एकच सांगून दुसरं लपवणं मला अप्रामाणिक वाटतं. दोन्ही द्या.

‘फरक आढळला नाही’ म्हणजे काय

याच चाचणीत लुळेपणा न आणणाऱ्या पोलिओचे रुग्ण होते लसगटात २४ आणि तुलनागटात २७. लाखामागे १२.० आणि १३.४. स्टँडर्ड एरर ३.५५, झेड फक्त ०.४१, पी-मूल्य ०.६८ च्या आसपास.

यावरून ‘या प्रकारच्या पोलिओवर लशीचा परिणाम होत नाही हे सिद्ध झालं’ असं लिहायचा मोह होतो. ते चूक आहे. अंतराल काढून पाहा: लाखामागे साधारण −५.५ ते +८.४. लस थोडी अपायकारक असण्यापासून ते तेरापैकी आठ रुग्ण टाळण्यापर्यंत सगळं या अंतरालात मावतं. शिवाय सौम्य रुग्णांचं निदान पक्कं नसतं. त्यांत दुसऱ्याच विषाणूंचे रुग्ण मिसळले असतील तर खरा फरक झाकलाही जातो. योग्य वाक्य असं: ‘या आकड्यांवरून फरक असल्याचा पुरावा मिळत नाही.’ शून्य परिकल्पना फेटाळता आली नाही. ती सिद्ध मात्र झालेली नाही.

आता ती तुलना, जिच्यासाठी ही चाचणी मी निवडली

त्याच भागांत आणखी ३,३८,७७८ मुलं होती जी चाचणीत सामील झाली नाहीत आणि ज्यांना काहीच टोचलं नाही. त्यांच्यात पक्षाघाती पोलिओचे १२१ रुग्ण निघाले. लाखामागे ३५.७.

तुलनागटाला लस मिळाली नव्हती. यांनाही नाही. मग दोघांची प्रमाणं सारखी हवीत. वरच्याच पायऱ्यांनी करून पाहा:

एकत्रित प्रमाण = २३६ ÷ ५,४०,००७ = लाखामागे ४३.७
स्टँडर्ड एरर = लाखामागे ५.८८
झेड = (५७.१ − ३५.७) ÷ ५.८८ = ३.६४

पी-मूल्य दहा हजारांत तीनपेक्षाही कमी. लस न मिळालेल्या दोन गटांत ठसठशीत फरक! आणि तोही असा की ज्यांना निर्धोक द्रावण टोचलं त्यांच्यात आजार जास्त. त्या द्रावणाने पोलिओ झाला म्हणायचं का?

नाही. संमती देणारी आणि न देणारी कुटुंबं मुळातच वेगळी होती. संमती देणाऱ्यांत सुस्थितीतली कुटुंबं जास्त होती. पोलिओची गंमत अशी की स्वच्छ परिसरातल्या मुलांना त्याचा धोका अधिक. गर्दीच्या, अस्वच्छ वस्तीत बाळाला हा विषाणू अगदी तान्हेपणी गाठतो, आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती तेव्हा अंगात असते, संसर्ग सौम्य होतो आणि पुढची तटबंदी तयार होते. स्वच्छ घरातलं मूल विषाणूला पहिल्यांदा भेटतं ते आईचं कवच उतरल्यावर.

सूत्राने इथे काही चूक केली नाही. फरक योगायोगाचा नाही, असं ते म्हणालं आणि ते खरंच आहे. पण फरक कशामुळे, हे त्याने सांगितलं नाही, कारण ते त्याला सांगताच येत नाही. कारण सांगण्याचं बळ गट पाडण्याच्या पद्धतीतून येतं. लसगट आणि तुलनागट योगायोगाने पाडले होते, त्यामुळे श्रीमंती-गरिबी, स्वच्छता, पालकांची जागरूकता हे सगळं दोन्हीकडे सारखं वाटलं गेलं, आणि उरलेल्या फरकाचं श्रेय लशीला देता आलं. तिसरा गट पालकांच्या निर्णयाने झाला होता.

आणि हा निव्वळ पुस्तकी मुद्दा नाही. समजा तुलनागट ठेवलाच नसता, आणि लस घेतलेल्यांची तुलना थेट न घेतलेल्यांशी केली असती. १६.४ विरुद्ध ३५.७. लशीने धोका ५४ टक्क्यांनी कमी केला, असं उत्तर आलं असतं. खरं उत्तर ७१ टक्के. चांगली लस उगाच कमी प्रतीची ठरली असती.

खरं तर चाचणीचा दुसरा भाग काहीसा असाच होता. तिथे दुसरीतल्या संमती दिलेल्या मुलांना लस आणि पहिली-तिसरीतल्या सगळ्या मुलांचं फक्त निरीक्षण, अशी रचना होती. त्या भागात लसगटात २,२१,९९८ पैकी ३८ आणि पहिली-तिसरीत ७,२५,१७३ पैकी ३३० मुलांना पक्षाघाती पोलिओ झाला. घट येते ६२ टक्के. एका बाजूला फक्त संमती देणारे, दुसऱ्या बाजूला देणारे-न देणारे सगळे. तुलना तिरकी झाली आणि लशीचा परिणाम थोडा पुसट दिसला. मिशिगन विद्यापीठाचे थॉमस फ्रान्सिस यांनी १२ एप्रिल १९५५ रोजी निकाल जाहीर केला, त्यात दोन्ही भाग होते. लशीच्या परिणामाचा भक्कम पुरावा मिळतो तो योगायोगाने गट पाडलेल्या भागातून.

जिथे ही पद्धत चालत नाही

तीच माणसं दोनदा मोजली असतील, उदाहरणार्थ त्याच ऐंशी विद्यार्थ्यांना शिकवण्याआधी आणि नंतर एकच प्रश्न विचारला, तर दोन प्रमाणं स्वतंत्र नसतात आणि विचरणांची साधी बेरीज लागू पडत नाही. तिथे जोडीच्या आकड्यांसाठीची मॅकनेमार परीक्षा वापरा. रुग्ण दहाच्या खाली असतील तर फिशर यांची अचूक परीक्षा. आणि दोन गटांची अंतरालं वेगवेगळी काढून ‘ती एकमेकांवर चढतात, म्हणजे फरक नाही’ असा निष्कर्ष काढू नका. अंतरालं थोडी चढत असतानाही फरकाचा झेड दोनच्या वर जाऊ शकतो. काढायचं ते फरकाचं अंतराल.

उत्तर कसं लिहावं

‘झेड = ६.७३, म्हणून शून्य परिकल्पना फेटाळली’ एवढ्यावर गुण मिळतील, पण वाचणाऱ्याला काही कळणार नाही. असं लिहा: ‘लस मिळालेल्या मुलांत पक्षाघाती पोलिओचं प्रमाण लाखामागे १६.४ आणि तुलनागटात ५७.१ होतं. फरक लाखामागे ४०.७, ९५ टक्के अंतराल २९ ते ५३, झेड ६.७३. एवढा फरक योगायोगाने पडणं जवळजवळ अशक्य आहे. गट यादृच्छिक पद्धतीने पाडले असल्यामुळे तो लशीमुळे आहे असं म्हणता येतं.’ शेवटचं वाक्य दरवेळी लिहिता येणार नाही. गट कसे झाले ते पाहून ते ठेवा किंवा गाळा.

सरावासाठी दोन गणितं, दोन्ही वरच्याच आकड्यांतून. पहिलं: दोन्ही प्रकारचा पोलिओ एकत्र धरा, लसगटात ५७ आणि तुलनागटात १४२. झेड ६.०१ यायला हवा, अंतराल लाखामागे २८.४ ते ५५.९, आणि घट ६० टक्के. ही घट ७१ वरून ६० वर का आली, ते मघाच्या २४ आणि २७ मध्ये शोधा. दुसरं: चाचणीच्या दुसऱ्या भागातले ३८ आणि ३३० घ्या. झेड ५.९४ येईल. इथे गट सारखे नाहीत, त्यामुळे नाण्याची झटपट युक्ती वापरली तर उत्तर साफ चुकेल. एकदा मुद्दाम वापरून किती चुकतं ते पाहा.